कावळ्याला सांगितलेलं

कावळा शिवला.

हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण आमच्याकडे कुणाच्याही दहाव्याची गोष्ट काढली की ऐकणारा पहिल्यांदा तेवढंच विचारतो. शिवला का? शिवला. दोनदा शिवला, आणि जाताना भाताचा मोठा गोळा चोचीत घेऊन गेला.

आता हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा. कावळा अजून यायचाय. सकाळचे साडेदहा वाजलेत. वाईच्या घाटाच्या खालच्या टोकाला मी ओला पंचा नेसून उभा आहे, डोक्याचा ताजा गोटा उन्हात तापतोय, आणि समोर पिंड जसा ठेवला तसाच आहे.

"भास्करचं काहीतरी राहिलंय," तोडकरकाका म्हणाले.

"काय राहिलंय?"

"ते माहीत असतं तर कावळ्याची वाट कशाला बघितली असती?"

भास्कर म्हणजे माझे मामा. एसटी स्टँडवर एकतीस वर्षं कंट्रोलर. गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठे चालली, कुठे थांबणार नाही, हे माइकवर सांगायचं काम. मूलबाळ नव्हतं, म्हणून दहाव्याला बहिणीचा मुलगा, म्हणजे मी. तोडकरकाका त्यांच्या जोडीचे निवृत्त ड्रायव्हर. गेलेल्या माणसाची इच्छा अपुरी राहिली असेल तर कावळा पिंडाला शिवत नाही. मग जमलेले लोक एकेक करून हात जोडतात आणि त्याच्या मनात काय असेल ते ओळखून शब्द देतात. परीक्षाच असते ती, फक्त तपासणारा झाडावर बसलेला असतो.

तोडकरकाकांनी आतापर्यंत तीनदा शब्द दिला होता.

"भास्कर, वहिनींचं सगळं आम्ही बघू."

कावळे वडावर. सात होते, मी मोजले.

"भास्कर, स्टँडवर तुझा फोटो लावू. हारासकट."

एक कावळा उठला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला.

"बरं बाबा. ती कोल्हापूर गाडी एक तास लेट सुटली होती ना, ती तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे सुटली होती. मी मिसळ खात होतो. डेपो मॅनेजरला मी तुझं नाव सांगितलं. झालं?"

कावळ्यांना यात नवीन काही नसावं.

दाते गुरुजींनी घड्याळ बघितलं. "अजून पंधरा मिनिटं थांबू. मग दर्भाचा कावळा करतो."

शास्त्रात तशी सोय आहे. खरा येत नसेल तर गवताचा कावळा करून शिववायचा आणि घरी जायचं. पण सकाळी निघताना इंदूमामीने मला दारात थांबवून सांगितलं होतं, "दर्भाचा चालायचा नाही. त्यांनी आयुष्यभर खऱ्या गाड्या सोडल्या. खरा कावळा शिवला की मला येऊन सांग, मग मी जेवेन." मामीने तसं म्हटलं म्हणजे ती खरंच जेवली नसती. दहा दिवसांत आधीच निम्मी झाली होती.

तेवढ्यात तो आला. माझ्याच वयाचा, तेवीस-चोवीसचा. टोपी उलटी, पाठीवर पिशवी. त्याने पिंडापासून दीड हातावर एक बुटकी तिवई ठेवली, तिच्यावर फोन लावला आणि फोनला माइक जोडला. माइकवर केसाळ टोपडं होतं. लांबून मेलेला उंदीर वाटावा असं.

इथे कोणीही विचारेल की, दहाव्याला परका माणूस फोन लावतो आणि तुम्ही बघत बसता? त्याचं असं आहे की आम्ही वाईचे. आमच्या घाटावर इतकी शूटिंगं होतात की कॅमेरा दिसला की आम्ही 'का काढतोस' असं विचारत नाही. आपण मध्ये येत नाही ना, एवढंच विचारतो. माझी आई भाजी आणायला जाताना तीन सिनेमांतून गेलेली आहे. दाते गुरुजींनी पडद्यावर अकरा लग्नं लावलीत, त्यातली दोन एकाच नटीची. कॅमेऱ्यासमोर गप्प उभं राहायचं, हे आम्हाला शाळेच्या प्रार्थनेबरोबर शिकवतात.

"कुठलं बॅनर?" गुरुजींनी विचारलं.

"माझंच चॅनल आहे काका."

"म्हणजे निर्माता तूच. बरं. जरा त्या अंगाने लाव, इकडून माझ्या कपाळावर ऊन चमकतं."

"काका, तुम्ही नॅचरल राहा."

"मी नॅचरलच असतो. तुमचे लोक नंतर पावडर लावतात."

तोडकरकाकांनी टोपी सरळ केली. आणि मी, आता लपवण्यात अर्थ नाही, पोट आत घेतलं.

दहा मिनिटं गेली. कावळे हलेनात. गुरुजी दर्भ निवडायला लागले.

"मयूरेश, तू बोलला नाहीस अजून," तोडकरकाका म्हणाले. "जा पुढं. भाचा आहेस."

मला काय बोलायचं ते माहीत होतं. दहा दिवस माहीत होतं. फक्त ते इतरांसमोर बोलता येण्यासारखं नव्हतं. मी पिंडाजवळ गेलो, गुडघे टेकले, अगदी खाली वाकलो आणि माझं मलाच ऐकू येईल इतक्या हळू आवाजात म्हणालो, "मामा, मामीला वाचता येत नाही हे मी कुणाला कळू देणार नाही. रोज सकाळी पेपर मी वाचून दाखवीन. तुम्ही जा."

हे मला आठवीत असताना कळलं होतं. तेव्हा मी सुट्टीत त्यांच्याकडे राहायला होतो. एकदा खेळायला जाताना फ्रिजवर चिठ्ठी लावून गेलो : गॅसवर दूध आहे, बंद कर. परत आलो तर पातेलं कोळसा आणि मामी चिठ्ठीसमोर उभी. "दिसली नाही रे," ती म्हणाली, "चष्मा आत राहिला." चष्मा तिच्या नाकावर होता. त्या संध्याकाळी मामा मला स्टँडवर घेऊन गेले, उसाचा रस पाजला आणि पहिल्यांदाच माइकवर नसल्यासारखे बोलले. म्हणाले, "तिला वाचता येत नाही. माहीत असलेला तू दुसरा. तिसरा नको."

तिसरा झालाच नाही, कारण मामांनी सोयच तशी केली होती. ते सगळंच मोठ्याने वाचायचे. पेपर, विजेचं बिल, लग्नपत्रिका, साबणाच्या वडीवरची सूचना. लोक म्हणायचे, कंट्रोलरची सवय, रिटायर झाला तरी सुटत नाही. आणि मामी रोज ओट्यावर त्यांच्याशेजारी शून्य नंबरचा चष्मा लावून मान डोलवायची.

एवढंच असतं तरी चाललं असतं. पण राममंदिरात चैत्रात नऊ दिवस पोथी लागते, आणि गेली सव्वीस वर्षं वाचनाच्या पाटावर मामी बसत होती. मामा दर फाल्गुनात तिला रात्रंदिवस पोथी ऐकवायचे, ती पाठ करायची. पानं कुठल्या शब्दाला उलटायची तेही पाठ. अख्ख्या पेठेत तिच्यासारखं स्पष्ट वाचणारं कुणी नाही, असं सगळे म्हणत. तो पाट हे मामीचं गाव होतं, घर होतं, पेन्शन होती. ते कळलं असतं तर पाट गेला असता.

मी उठलो. मागे सरलो. टोपीवाल्या मुलाने तिवई, फोन, उंदीर सगळं उचललं आणि तो पायऱ्या चढून वर गेला. गुरुजींनी दर्भाला गाठ मारायला घेतली.

आणि कावळा शिवला. पुढचं तुम्हाला माहीत नाही असं ठरलंय, म्हणून सांगत नाही.

"काय म्हणालास रे?" तोडकरकाकांनी डोळे पुसत विचारलं.

"मामीची काळजी घेईन म्हणालो."

"ते तर मी सगळ्यात आधी म्हणालो!"

"तुम्ही मिसळीत अडकलात काका."

घरी मामीने पहिला घास घेण्याआधी तोच प्रश्न विचारला. मी तेच उत्तर दिलं. तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं. मग भात कालवला.

दुसऱ्या दिवसापासून मी सकाळी सातला पेपर घेऊन ओट्यावर. सुरुवातीला मी आपला हळू वाचायचो.

"आवाज कर," मामी म्हणाली. "शेजारी काय म्हणतील, घरातली भांडणं कुजबुजतायत?"

मग मी आवाज केला. आठवड्याभरात मला जमायला लागलं. 'प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे' एवढंच म्हणायचं बाकी होतं. समोरच्या दळवीकाकू म्हणाल्या, मामाची सवय भाच्याने उचलली, रक्तच ते. मामी मान डोलवत होती. एकूण मी दिलेला शब्द तीन आठवडे उत्तम चालला.

मग एका दुपारी तोडकरकाका आले. चपला न काढता दारातच उभे राहिले, आणि त्यांनी फोन माझ्यापुढे धरला.

"हा तू ना?"

मीच होतो. घाट होता, बासरी वाजत होती. माझा आवाज काढून टाकला होता, पण मी वाकून ओठ हलवत होतो आणि खाली पांढऱ्या मोठ्या अक्षरांत तीन ओळी उमटत होत्या. एकही शब्द चुकला नव्हता. तो उंदीर मी समजलो होतो त्यापेक्षा खूप हुशार निघाला. पुढच्याच क्षणाला, लांबून घेतलेला, कावळा. वर लिहिलं होतं, 'कावळ्यालाही पाझर फुटला.' चार लाख बारा हजार लोकांनी बघितलं होतं.

"मयऱ्या," तोडकरकाका हळू म्हणाले, "मला एकतीस वर्षांत कळलं नाही रे. एका डब्यातलं खाल्लं आम्ही."

मी त्या मुलाला शोधून काढलं. फोन लावला.

"दादा!" तो खूश झाला. "आपला व्हिडिओ तुफान चाललाय. लोक रडतायत. सगळं पॉझिटिव्ह आहे."

"काढ तो."

"पण पब्लिक प्लेस आहे ना दादा."

"मी पब्लिकशी बोलत नव्हतो. मामाशी बोलत होतो."

"मग मामांची परमिशन घ्यायला पाहिजे होती का?" त्याने खरंच विचारलं. त्याला चेष्टा करायची नव्हती. मीही क्षणभर विचार केला.

"काढ म्हणतो ना."

"माझा काढतो. पण आता चाळीस पेजेसनी उचललाय. त्यांना मी कुठे शोधू? दादा, एक सांगू? रागावणार नसाल तर."

"सांग."

"तो कावळा तुमच्या बोलण्याने नाही आला. मी आल्यापासून माझ्या माइकला घाबरून बसले होते सगळे. तो केसाळ आहे ना. मी वर नेला आणि दोन मिनिटांत आला. मधली दोन मिनिटं मी कापलीत." मग तो आवाज खाली आणून म्हणाला, "हे प्लीज कुणाला सांगू नका. इमोशन जाईल."

मी फोन ठेवला. त्याच्यासाठी निदान एक गोष्ट अशी होती की जी लोकांना कळू नये, याचं मला बरं वाटलं.

गुढीपाडवा आठ दिवसांवर होता. त्या संध्याकाळी मंदिराच्या पेठकरबाई मला रस्त्यात भेटल्या. "इंदूताईंना यंदा विश्रांती देऊ म्हणतोय आम्ही," त्या म्हणाल्या. "दुःखात आहेत. वाचनाचा ताण नको." 'वाचनाचा' म्हणताना त्या माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होत्या.

घरी आलो तर मामी ओट्यावर नाही, आत खाटेवर बसलेली.

"दूध आणायला गेले होते," ती म्हणाली. "मी गेले की बायका गप्प. आल्यावर दळवीण म्हणाली, इंदूताई, काही वाचायचं असेल तर हाक मारा हो. मी म्हटलं, मला कशाला? तर तिच्या डोळ्यांत पाणी. काय झालंय गावाला?"

"काही नाही."

"तुझ्या फोनवर आहे म्हणे. दाखव."

मी दाखवला.

"हा टकल्या कोण?"

"मी."

"पोट आत घेतलंयस." ती वाकून बघत होती. बासरी वाजत होती. "पिंडापाशी आहेस. बोलतोयस... खाली काय लिहिलंय?"

आता सांगतो, दहाव्याला मी जे काही बोललो ते सोपं होतं. अवघड हे होतं. मी मामांना शब्द दिला होता की मामीला वाचून दाखवीन. आणि पेपराबाहेरचं वाचून दाखवायची पहिली वेळ आली ती ही.

"लिहिलंय," मी म्हणालो, "'भाच्याचं मामावरचं प्रेम बघा.'"

"तेवढ्याला तीन ओळी?"

"मोठ्या अक्षरात आहे."

"बोट फिरवून वाच. हे बोट फिरवून वाचायचे. बोट खोटं बोलत नाही, जीभ बोलते."

मी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. बोट लागताच व्हिडिओ थांबला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा थांबला होता. बासरी बंद. तीन ओळी, माझं उघडं तोंड आणि शांतता.

"वाच."

"'मामा,'" मी बोट सरकवलं. "'मामीला... वाचता... येत नाही...'"

"मोठ्याने."

"मामी, खिडकी उघडी आहे."

"किती लोकांनी वाचलंय?"

"चार लाख बारा हजार."

"मग खिडकीने काय होणार? मोठ्याने वाच. नीट. स्टँडवर वाचतात तसं."

मी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, घसा मोकळा करून, बोट फिरवत. समोर दळवीकाकूंनी कुकरचा गॅस बंद केल्याचं मला ऐकू आलं. 'तुम्ही जा' म्हणताना माझा आवाज फाटला, पण स्टँडवरचा माइकही फाटायचा.

मामीने माझं बोट बाजूला केलं. मग म्हणाली, "त्यांनी तीनदा शिकवायला घेतलं होतं मला. चुकलं की ओरडायचे. तिसऱ्या वेळेला मी पाटी त्यांच्या डोक्यात घातली. मग विषय बंद. पाच टाके पडले होते. लोकांना सांगितलं, गाडीचं दार लागलं."

"मामी, मी चुकलो."

"तू कुठे चुकलास? तू कावळ्याशी बोलत होतास." तिने त्या थांबलेल्या चित्राकडे पुन्हा बघितलं. "हे वाचता येणाऱ्यांनाच कळलं म्हणजे."

"हो."

"माझ्यासारख्यांना नुसता कावळा दिसला असेल."

"तेवढाच."

"चांगले लोक आहेत ते," मामी म्हणाली. मग पदराने चष्मा पुसला, नाकावर नीट बसवला आणि सरळ बसली. "कागद घे. अर्ज लिही."

"कुणाला?"

"कुणाला ते कळत नसलं की हे 'माननीय साहेब' लिहायला सांगायचे. साहेब कुठेतरी असतोच."

तिने सांगितला, मी लिहिला. एक शब्दही तिने मागे घेतला नाही, आणि मीही माझ्या मनाचं काही घातलं नाही. लिहून झाल्यावर मी तो तिला दोनदा वाचून दाखवला, बोट फिरवून. खाली तिने सही केली. सही तिला येत होती, तेवढी मामांनी टाके पडायच्या आधी शिकवली होती.

पाडव्याला मामी आपली मंदिरात गेली आणि पाटावर जाऊन बसली. उठ म्हणायची कुणाची छाती झाली नाही. तिने पोथी समोर ठेवली आणि उघडलीच नाही. हात मांडीवर ठेवून नऊ दिवस पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. पेठकरबाई शेजारी उघडी पोथी घेऊन चुका काढायला बसल्या होत्या. नवव्या दिवशी एक सापडली. ती छपाईची होती.

याला आता सहा वर्षं झाली. मामी अजून पाटावर बसते. मी अजून सकाळी सातला ओट्यावर असतो. कावळा माइकमुळे थांबला होता हे मी तिला एकदा वाचता वाचता सांगून टाकलं. ती म्हणाली, "मग तुझ्या मामांनाही तो माइक दिसला असेल. ते कशाला येतात त्याच्यासमोर?" मी पुढची बातमी वाचायला घेतली.

अर्जाची पोच अजून आलेली नाही. तो मी तहसीलमध्ये दिला, पोलीस ठाण्यात दिला, नगरपालिकेच्या पेटीत टाकला. तिन्हीकडे सांगितलं, आमच्याकडे हे येत नाही. नक्कल माझ्याजवळ आहे. जशी आहे तशी देतो, वाचणाऱ्यांत साहेब असतील तर त्यांच्यासाठी.

प्रति,
माननीय साहेब यांस,

विषय : वाचलेले परत घेण्याबाबत.

अर्जदार श्रीमती इंदुमती भास्कर शिवदे, वय वर्षे चौसष्ट, राहणार वाई, विनंती अर्ज करते की, माझ्या यजमानांच्या दहाव्याला माझा भाचा कावळ्याशी खाजगी बोलला. सदर बोलणे यजमान व कावळा यांच्यापुरते होते. ते एका अनोळखी इसमाने लिहून काढले व चार लाख बारा हजार लोकांनी वाचले. पैकी कोणीही मला विचारले नाही. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तरी मेहेरबान साहेबांनी बाकीच्या सर्वांकडून त्यांनी वाचलेले परत घ्यावे, ते मोजून कावळ्याकडे जमा करावे, आणि काम पूर्ण झाल्यावर मला कळवावे. पत्र पाठवू नये. दारात माणूस उभा करून मोठ्याने, तोंडी कळवावे, ही नम्र विनंती.